दुर्गाबाईंचं निरगुडीचं पाणी

माझी राजलक्ष्मी पंच्याण्णव सालच्या दिवाळीनंतर झाली. आम्ही तेव्हा जुईनगरला नवीनच होतो. माझे सासरे आप्पा तुर्भ्याच्या मसाला बाजारात माथाडी होते, आणि सासूबाई राहीबाई साताऱ्याच्या गावाकडून भांडीकुंडी बांधून दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आल्या होत्या. माझी आई माझ्या लग्नाआधीच वारली होती, त्यामुळे बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. प्रश्न एकच होता, बाळ-बाळंतिणीला पाणी कोण घालणार? सासूबाईंचे गुडघे दुखायचे. त्यांना खाली बसून बाळ पायांवर घेणं जमण्यासारखं नव्हतं.

"गावठाणात एक दुर्गाबाय हाय," खालच्या मजल्यावरच्या बाईनं सांगितलं. "तिच्या हाताखालून गेलेली बाळंतीण कधी कंबर धरून बसली न्हाई म्हणतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. गुडघ्याच्या जरा खाली येईल असं कसून नेसलेलं लुगडं, केसांत अबोलीची फुलं, काखेत कपड्यात बांधलेला पाल्याचा भारा. भारा खाली ठेवताच आमच्या बाहेरच्या खोलीत एक उग्र, थोडा कापरासारखा वास पसरला. मी नाक मुरडलेलं तिनं पाहिलं.

"आज नाक मुरडशील पोरी," ती हसून म्हणाली, "चार दिसांनी हाच वास नसला तं झोप नाय यायची तुला."

अगदी तसंच झालं.

दुर्गाबाई आगरी. सगळ्या सेक्टरांच्या आधीपासून ज्यांची गावं इथे होती, त्यांपैकी. मी तिला मावशी म्हणायचे. नवरा रोहिदास पूर्वी मिठागरावर होता, मग एका कचेरीत शिपाई झाला. त्यांची जमीन खाडीला लागून होती, खाजणातली भातशेती. जमीन संपादनात गेली, भराव पडला, वर इमारती आल्या. पण शेताच्या बांधावर मावशीच्या सासूनं लावलेली निरगुडीची कुंपणं होती. त्यातला एक पट्टा नाल्याच्या कडेला, विजेच्या डीपीच्या मागे, कोणाच्या नकाशात न येता तसाच राहून गेला होता. मावशी रोज पहाटे तिथून पाला तोडायची.

राजलक्ष्मी होण्याच्या आधी मी निरगुडी पाहिलेलीच नव्हती असं म्हटलं तर खोटं ठरेल. आमच्या गावाकडे ओढ्याकाठी ती होतीच, पण मी तिच्याकडे बघितलं नव्हतं. बघायला मला मावशीनं शिकवलं. आंघोळीचं पाणी उकळेपर्यंत ती डहाळी हातात घेऊन बसायची. "ही बग. पाच बोटं. मधलं लांब, कडेची दोन बारकी. कदी कदी तीनच पानं येतात, पन झाड तेच." पान वरून गर्द हिरवं, खालून राखाडी, मऊ लव असलेलं. त्यामुळे वारा सुटला की सगळं कुंपण क्षणात पांढुरकं होतं आणि क्षणात परत हिरवं. कोवळी काडी चौकोनी. फुलं टोकाला, फिकट जांभळी, लहानलहान. मग मिऱ्यासारखं काळं फळ. मिऱ्याच्या गोण्या वाहणारे आमचे आप्पा ते फळ बघून हसले होते.

"शेळी तोंड लावत नाय, गाय लावत नाय. म्हनून तं बांधावर," मावशी सांगायची. "पानी जवल आसंल तं बारा महिने हिरवी. उन्हाल्यात पानी तुटलं तरच जरा पानं टाकते."

लावायची तर बी नको, फांदीच पुरते, हेही तिच्याकडूनच कळलं. बोटभर जाडीची, कोवळी नव्हे तर मुरलेली काडी, आषाढात, तिरपी खोचायची, दोन डोळे मातीत गेले पाहिजेत. धरली की मग माणसाच्या दीडपट उंच होते. ती तशी वाढू द्यायची नाही. गुडघ्यापर्यंत छाटली की दाट फुटते, आणि फुलावर यायच्या आधीचा पाला सगळ्यांत चांगला. पावसातला पाला पाणचट, तो उकळला तरी त्यात जोर नसतो.

आमच्याकडे मोठं तपेलं गॅसवर चढायचं. पाणी आधी पिवळसर, मग चहासारखं व्हायचं. मावशी कोपर बुडवून बघायची. मला पाटावर बसवून ती आधी तिळाच्या तेलानं कंबर रगडायची. तेही तिनंच निरगुडीच्या रसात आटवलेलं असायचं. रसातलं पाणी पूर्ण उडून तेल तडतडायचं थांबलं की उतरवायचं, नाहीतर बुरशी धरते. मग तांब्यानं पाणी पाठीवर, सावकाश, मणक्याच्या कडेकडेनं. बाळाच्या पाण्यात मात्र ती नावाला दोन पानं टाकायची. डॉक्टरांनी बाळाला धुरी देऊ नका म्हणून सांगितलं होतं. सासूबाई कुरकुरल्या, पण मावशीनं वाद घातला नाही. "धूर बालाच्या छातीला नको. डास मारायला दे धुरी, खिडकी उगडी ठेवून," एवढंच म्हणाली.

आप्पांनाही तिनं सोडलं नाही. गोण्या उचलून त्यांची कंबर कायम धरलेली असायची. निरगुडीची पानं तव्यावर कोमट करून, एरंडाच्या पानात बांधून कमरेला शेक द्यायला तिनं सासूबाईंना शिकवलं. "हाड मोडलं आसंल तं दवाखाना. नुस्ती धरली आसंल तं ही," असा तिचा हिशेब. सासूबाईंनी मग तांदळाच्या डब्यातही सावलीत वाळवलेला पाला टाकला. किडे गेले का ते आठवत नाही, पण भाताला कित्येक दिवस तो वास यायचा आणि आमचे हे ताटावर बसून रोज तक्रार करायचे.

सांगायचा मुद्दा, घरात तिच्याविषयी सगळ्यांना माया लागली होती. म्हणूनच सासूबाई तिच्याशी मोकळेपणी बोलायच्या. आणि त्या मोकळेपणातच ते घडलं.

मी पाटावर होते. मावशी माझ्या मागे, हातात तांब्या. सासूबाई न्हाणीच्या दारात स्टुलावर राजलक्ष्मीला मांडीवर घेऊन बसलेल्या. आप्पांच्या टोळीत सिताराम नावाचे आमच्याच भागातले एक गृहस्थ होते. त्यांच्या पुतण्याची बातमी सासूबाई सांगत होत्या.

"कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात ट्रान्सपोर्टच्या कचेरीत हाय पोरगा. विलास. हिकडल्याच पोरीशी रजिस्टर लगीन केलं त्यानं. आता तिला मुलगा झालाय, आपल्या राजलक्ष्मीपेक्षा आठ-दहा दिवसांनी ल्हान. विलासची आई न्हाई. पोरीच्या माह्येरचं कुणी फिरकलं न्हाई. एकटी पोर, पयलं बाळ, अन् पाणी घालाय कुणी न्हाई. कसली आई म्हणायची ती? जनावर सुदीक वासरू चाटतं."

पाठीवर पडणारं पाणी थांबलं. मला वाटलं तांब्या रिकामा झाला. मी मान वळवून पाहिलं, तर तांब्या भरलेला होता आणि मावशी तो धरून भिंतीकडे बघत होती.

"दुर्गाबाई," सासूबाई पुढे म्हणाल्या, "तुमीच जावा की तिकडं. इथनं काय लांब? विलास न्यायला यील, सोडाय यील."

"लांब पडतंय मना," मावशी म्हणाली. आणि पाणी पुन्हा पडायला लागलं. त्या दिवशी बाळाला न्हाऊ घालून झाल्यावर तिनं त्याला सासूबाईंच्या हातात दिलं आणि आमच्याकडचा चहा न घेताच गेली. चहा ती कधी सोडत नसे.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. तिसऱ्या दिवशीही. तेच तेल, तोच पाला. फक्त बोलणं कमी झालं होतं. मी विचारलं, "मावशी, बरं वाटत नाही का?" तर म्हणाली, "थंडी हाय."

सव्वा महिना संपत आला होता तेव्हा एका दुपारी दार वाजलं. दारात एक उंच, वाकलेला माणूस, शिपायाच्या खाकी कपड्यांत, हातात कापडी पिशवी. पिशवीतून निरगुडीचं टोक बाहेर आलेलं.

"मी रोहिदास. दुर्गाचा घरवाला," तो म्हणाला. आत यायला तयारच होईना. सासूबाईंनी बळेच खुर्चीवर बसवलं. तो बराच वेळ पिशवीचे बंद चाळवत राहिला. मग म्हणाला, "वैनी, तुमच्या पोरीचं पानी झालं आसंल तं तिला कलंबोलीला जा म्हनून सांगा. माजं ती आयकत नाय. तुमचं आयकंल."

"कळंबोलीला? कुणाकडं?"

"आमची दिशा तिथं हाय. आमची पोरगी."

सासूबाईंचा हात तोंडावर गेला. मलाही ते उमगायला एक क्षण लागला. मग त्या दिवशीचा भरलेला तांब्या आठवला.

रोहिदासकाकांनी थोडक्यात सांगितलं. दिशा एकुलती. बारावी होऊन तुर्भ्याला एका कंपनीत पॅकिंगला लागली होती, तिथे माल न्यायला येणाऱ्या विलासची ओळख झाली. इकडे मावशीनं करावे गावातल्या एका घरी तिचं जमवलं होतं. साखरपुड्याला सगळं गाव बोलावलं होतं. आदल्या दिवशी दिशा घरातून गेली आणि संध्याकाळी निरोप आला, लग्न झालं. मांडवात आलेल्या बायकांसमोर मावशीला पाहुण्यांची माफी मागावी लागली. "घाट्याच्या घरात गेली, ती मना मेली," असं ती तेव्हा बोलली. ते गावभर झालं.

"घाट्यांच्या सुनांना रोज न्हाऊ घालते," काका हळूच म्हणाले. मग आपणही घाटावरच्याच माणसांच्या घरात बसलोय ते लक्षात येऊन ओशाळले. सासूबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही.

"पोरगी काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"म्हनते, आय आली तं दार उगडं हाय. पन मी बोलवनार नाय. आन ही म्हनते, बोलवल्याबिगर मी जायाची नाय." काकांनी पिशवी उचलून दाखवली. "मी चोरून पाला तोडतंय आन नेऊन देतंय. हिला कलतंय. कुंपन कुठं छाटलंय ते हिला आंधारात पन दिसंल. बोलत नाय कायच. पन पाला नेला तरी वैनी, हात कुठून नेऊ?"

दुसऱ्या दिवशी मावशी आली तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मावशीचे दोन्ही हात धरले. "बाई, मला ठावं नव्हतं. मी काय काय बोलून बसले. माझ्या जिभेला हाड न्हाई."

"तू बोललीस त्यात खोटं काय व्हतं?" मावशी म्हणाली. हात सोडवून घेतले आणि सरळ आत येऊन तपेलं चढवलं.

"मग जावा की आज. आमचं पाणी राहू द्या. आमची सुनयना आता हिंडती-फिरती हाय."

मावशी पाल्याच्या काड्या मोडत राहिली. जाड देठ बाजूला, पानं तपेल्यात. "येक शब्द," ती शेवटी म्हणाली. "बापाच्या हाती येक शब्द धाडू दे तिला. आये ये, येवढाच. मी चालत जाईन."

तो शब्द आला नाही. माझं पाणी संपलं, सासूबाईंनी तिची ओटी भरली, लुगडं दिलं. ती पलीकडच्या सोसायटीतल्या दुसऱ्या बाळंतिणीकडे लागली. मी गॅलरीतून तिला जाताना बघायचे, काखेत भारा, भराभर. आणि मनात यायचं की याच रस्त्यानं थोडं पुढे गेलं की कळंबोलीची गाडी मिळते.

त्यानंतर ती अधूनमधून घरी यायची, राजलक्ष्मीला बघायला. तिला मांडीवर घ्यायची, तिचे पाय मोजल्यासारखे हातात धरायची. राजलक्ष्मी बसायला लागली तेव्हा म्हणाली, "तो पन बसला आसंल आता." चालायला लागली तेव्हा मावशी नुसती उठून गेली.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात सासूबाईंनी तिला शेवटी राजी केलं. म्हणजे राजी कसली, सासूबाईंनी मला चप्पल घालायला लावली, मावशीला हाताला धरून बाहेर काढलं, आणि म्हणाल्या, "सुनयना संगं येतीया. तू काय एकटी न्हाईस. जा." मावशीनं वाटेत रिक्षा थांबवून घेतली, नाल्याकडे गेली आणि भारा तोडून आणला. पिशवीत तेलाची बाटली आधीपासूनच होती. म्हणजे तिच्या मनात होतंच.

कळंबोलीत विलासची खोली तळमजल्यावर, ट्रक उभे करायच्या मैदानाच्या जवळ होती. लोखंडी पट्ट्या उतरवल्याचा खणखणाट सारखा चालू. दिशानं दार उघडलं. हुबेहूब मावशीचं नाक, मावशीचं कपाळ. ती क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग बाजूला झाली.

"या. बसा."

आम्ही दोघी होतो, तरी मावशीला ते 'या' लागलं, मला दिसलं. पोटच्या पोरीनं आईला 'ये' म्हणावं, 'या' म्हणू नये.

दिशानं पाणी दिलं, चांगल्या कपात चहा दिला, बिस्किटं ठेवली. सगळं रीतीप्रमाणे. शिवतेज, तिचा दीड वर्षांचा मुलगा, कपाटाच्या आडून बघत होता. मावशीनं हात पुढे केले तर तो आईच्या पायांना चिकटला. दिशा त्याला उचलायला वाकली आणि कमरेवर हात ठेवून जरा थांबून सरळ झाली.

"कंबर दुकते?" मावशीनं लगेच विचारलं.

"थोडी. बाळंतपणापासून. डॉक्टर म्हणतात, वजन उचलू नका, व्यायाम करा."

"तेल आनलंय. पाला पन. झोप जरा, रगडून देतंय."

"राहू दे, आई. आता सवय झाली."

'आई' म्हणाली तेवढ्यानं मावशीचे डोळे भरले. मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, "काका पाला आणून द्यायचे ना तुला?"

"हो. बाबा आणायचे," दिशा म्हणाली. "पण मला त्यातलं काय माहीत? किती पाला, किती पाणी, किती वेळ? पहिल्या दिवशी सगळा भारा एकदम उकळला. पाणी काळं झालं, खोलीभर वास. बाळ रडायचं थांबेना. शेजारची बाई राजस्थानची, तिला हे झाडच माहीत नव्हतं. मग मी फक्त गरम पाणी घ्यायला लागले. बाबांचा पाला मागच्या दारी सुकायचा. त्यांना सांगितलं नाही. ते एवढ्या लांबून आणायचे."

ती हे भांडण म्हणून सांगत नव्हती. नळाला पाणी कधी येतं हे सांगावं तसं सांगत होती. मावशी ऐकत होती. जुईनगर, नेरूळच्या कितीतरी घरांत 'दोन मुठी पाला, तपेलंभर पाणी, चहासारखा रंग आला की उतरव' हे तिनं सांगितलं होतं. मलाही ते पाठ होतं.

निघताना मावशीनं तेलाची बाटली फळीवर ठेवली. दिशानं नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. विलास कामावरून आला होता. तो पाया पडला. मावशीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पुन्हा या," तो मनापासून म्हणाला, आणि मावशी खरंच पुन्हा जात राहिली. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा. शिवतेज हळूहळू जवळ यायला लागला. दिशा तशीच राहिली. नीट वागायची, चहा द्यायची, बस थांब्यापर्यंत सोडायला यायची.

पुढच्या वैशाखात नाल्याला काँक्रीटच्या भिंती बांधायचं काम निघालं. कुंपण आड येत होतं. मशीन आलं तेव्हा मावशी आमच्याकडेच होती. रोहिदासकाका धावत सांगायला आले. आम्ही पोचलो तोवर निम्मं कुंपण मुळांसकट उलटं पडलं होतं. मशीनवाल्यानं मावशीला बघून काम थांबवलं. "घ्या काय घ्यायचं ते, मावशी," म्हणाला. मावशीनं काड्या तोडून घेतल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. काही आमच्या सोसायटीच्या मागे लावल्या, काही तिच्या दारात पत्र्याच्या डब्यांत.

"वैशाखात लावलेली काडी धरत नाय," लावतानाच ती म्हणाली. तरी लावली. मी रोज पाणी घालायचे. काही काड्यांना डोळे फुटले, दोन-चार पानंही आली. काडीतली ओल संपेपर्यंत ती पानं टिकली आणि मग वाळली. मुळं आलीच नव्हती. आषाढ उजाडला तेव्हा काड्या तोडायला कुंपणच राहिलं नव्हतं. मावशीच्या दारातला शेवटचा डबा तिनं कितीतरी दिवस तसाच ठेवला होता.

त्याच सुमारास तिचे अंगठे सुजायला लागले. इतकी वर्षं इतक्या पाठी रगडलेल्या. सकाळी मूठ वळायची नाही. आधी तिनं लपवलं. मग एका घरी तांब्या हातातून निसटला, तेव्हा तिनंच काम बंद केलं. आमच्या सासूबाईंनी तिला शेक द्यायचं ठरवलं, जसा तिनं आप्पांना शिकवला होता तसाच. पण पाला कुठला आणणार?

नव्व्याण्णवच्या श्रावणात दिशाला दुसरा मुलगा झाला. आणि या वेळी तिनं निरोप धाडला. विलास स्वतः आला. "आईला सांगा, दिशानं बोलावलंय."

मावशी रात्रभर झोपली नसावी. सकाळी आमच्या दारात आली तेव्हा डोळे लाल होते, केसांत अबोली होती. मला म्हणाली, "पोरी, पनवेलला चल. पाला घ्याचा हाय." पनवेलच्या बाजारात एक जडीबुटीवाला बसायचा. त्याच्याकडे वाळकी निरगुडी होती. मावशीनं मूठभर पाला नाकाशी धरला, चुरगळला, पुन्हा धरला. "वास गेलाय," ती म्हणाली. पण घेतला.

कळंबोलीला पोचल्यावर तिनं सगळं स्वतः केलं. पाणी ठेवलं, रंग बघितला, कोपर बुडवलं. लुगडं वर खोचून पाटावर पाय पसरून बसली. दिशानं बाळ तिच्या पायांवर ठेवलं. मावशीनं तेल लावायला सुरुवात केली, छातीपासून हातांकडे, पोटावरून गोल. बाळ हसत नव्हतं पण शांत होतं. मग पाठीला तेल लावायचं म्हणून तिनं त्याला पालथं करायला घेतलं, आणि अंगठा वळेना. तेलकट बाळ तिच्या बोटांतून सरकलं. फार नाही, पायांवरून जरा खाली. दिशानं झटकन खाली बसून त्याला धरलं. बाळाला काही झालं नाही. रडलंसुद्धा नाही.

मावशी स्वतःच्या हातांकडे बघत बसली.

"आई," दिशा म्हणाली, "तू सांग, मी करते."

मावशी उठली. दिशा पाटावर बसली. अवघडलेल्या कमरेनं तिनं पाय पसरले आणि बाळ त्यावर घेतलं. मावशी शेजारी टेकली. "मान धर. आता पानी खांद्यावरून. डोल्यांत नको. हलू, हलू..." दिशा सांगितल्याबरहुकूम करत होती. मी तांब्या देत होते. विलास दारात उभा राहून बघत होता. इतक्या वर्षांत त्या दोघींना मी पहिल्यांदाच इतक्या जवळ बसलेलं बघितलं.

शिवतेज तेव्हा साडेतीन-पावणेचार वर्षांचा. तो सगळं टक लावून बघत होता. "आजी," त्यानं विचारलं, "मला पण तू अशीच आंघोळ घातलेलीस?"

बाहेर कुठेतरी ट्रकमधून लोखंड उतरत होतं.

"तुला मीच घातली," दिशा बाळाचं अंग पुसत म्हणाली. "आजी तेव्हा कामाला जायची."

मावशी उठून तपेलं धुवायला मोरीत गेली. ते बराच वेळ धूत होती.

संध्याकाळी आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. खिडकीशी मावशी, तिच्या पिशवीत उरलेला वाळका पाला. मी समजूत घालायची म्हणून म्हटलं, "मावशी, दिशानं किती छान सांभाळून घेतलं. मनात काही ठेवलेलं नाही तिनं."

"ठेवलंय का नाय, ते मना कसं कललं?" ती म्हणाली. "ती बोलतच नाय. त्या टायमाला मी यायची व्हती. माज्या पायांनी जायचं व्हतं, कोनाच्या बोलवन्याची वाट बगायची नव्हती. हे मना तवाच कलत व्हतं, सुनयना. तुज्या पाठीवर पानी वतताना कलत व्हतं. तरी नाय गेली." तिनं सुजलेले अंगठे एकमेकांवर घासले. "येकदा तोंडभर बोलली आसती मना, शिव्या दिल्या आसत्या, तं मी पन रडून घेतलं आसतं. तिनं तं चा दिला."

जुईनगर आलं. मी तिचा दंड धरून तिला खाली उतरवलं. स्टेशनसमोर रोहिदासकाका छत्री घेऊन थांबले होते. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, "नातू कोनासारका दिसतो?"

"दिशासारका," ती म्हणाली, आणि दोघं गावठाणाच्या दिशेनं चालू लागली.